आप्पांची अंघोळ

"आप्पा, अंघोळ झाली?"

"न्हाई अजून."

"कधी होणार?"

"ह्या शेंगा कुटून झाल्या की."

"किती ऱ्हायल्या?"

आप्पांनी मुसळ उखळाच्या काठाला टेकवलं, दंडानं कपाळ पुसलं आणि आत वाकून बघितलं. "लई ऱ्हायल्यात रे. तू तोवर म्हातारा होशील बघ."

"मग तू बाळ होशील?"

"व्हईन की. मग तू मला कडेवर घे."

माझा मुलगा पुष्कर उंबऱ्यावर बसून खिदळला आणि खिदळता खिदळता खोकायला लागला. आतून वैजयंता, माझी बायको, हातात दम्याचा पंप घेऊन आली. तिला त्याचं हसू आणि खोकला यातलं अंतर इतकं पाठ झालं होतं, की तो हसायला लागला की ती उठायचीच. मी सायकलला डबा अडकवत होतो. रोजचंच होतं ते सगळं, म्हणून मी मागे वळून नीट बघितलंसुद्धा नाही. तो पुष्करचा शेवटचा दिवस होता.

आमचं घर सोलापुरात, बंद पडलेल्या एका गिरणीच्या मागच्या वस्तीत. पुढे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मग फरशीचं अंगण. अंगणाच्या कडेला न्हाणीघर आणि पार पलीकडे पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये माझे वडील, आप्पा, शेंगांची चटणी कुटायचे. मशीनवर दळलेली नव्हे, कुटलेली. शेंगदाणे भाजायचे, फोलपटं पाखडायची, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. गावातल्या निम्म्या खानावळींत आप्पांची चटणी जायची. मी एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. माझा पगार यायचा तेव्हा यायचा, घर खरं चालायचं ते उखळावर. पुष्करचे पंप, मलमं, सिरप, दवाखान्याच्या खेपा, सगळं त्या शेंगांतून निघायचं. आणि त्याच शेंगांनी त्याचा जीव जाऊ शकत होता. देवाला चेष्टा करायची लहर आली की तो आमच्यासारखी घरं बरोबर हुडकून काढतो.

आम्हाला ते कळलं पुष्कर रांगायला लागला तेव्हा. आप्पा जेवत होते, पोरगं त्यांच्या मांडीवर. त्यांनी दह्यात कालवलेली चटणी बोटाच्या टोकावर घेतली आणि त्याच्या जिभेला लावली. "आपल्या घरातलं पोर हाय, कळू दे की चव," असं म्हणाले. घास गिळेपर्यंत पोराचे ओठ सुजले, डोळे मिटले, अंगावर चट्टे उठले आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. त्या खेपेला वाचला. डॉक्टर हिरेमठांनी तपासण्या करून सांगितलं, शेंगदाणा नको, तीळ नको, अंडं नको. शिवाय दमा आहे. शिवाय कातडी इतकी नाजूक की साधी लोकर चालायची नाही.

"शेंगदाण्याचं तर कूटही अंगाला लागता कामा नये," ते म्हणाले. "घरात शेंगदाणे फार असतात का?"

वैजयंता हसायला लागली. डॉक्टरांच्या तोंडावर, मोठ्यानं. मग तिचं हसू कधी रडण्यात गेलं ते आम्हाला कळलं नाही, आणि ते रडू तिला रस्त्यातही आवरेना.

घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "उखळ काढून टाकतो मी."

"मग औषधं?" मी विचारलं.

  वैजयंता उठली, भिंतीला लावायला आणून ठेवलेला चुना तिनं कालवला आणि अंगणाच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक रेघ ओढली.

"ही रेघ," ती म्हणाली. "शेंगा पलीकडे, पुष्कर अलीकडे. आप्पा, तुम्ही कुटून झालं की आधी न्हाणीत जायचं. डोक्यावरून अंघोळ. साबण दोन वेळा लावायचा, नखांत ब्रश फिरवायचा. कामाचे कपडे बाहेरच्या खिळ्याला, आणि मी वेगळ्या पेटीत धुऊन ठेवते ते कपडे अंगात. तोवर रेघ ओलांडायची नाही. त्याला, त्याच्या कपड्याला, त्याच्या औषधाला हात लावायचा नाही. आधी अंघोळ, मग पुष्कर."

"आधी अंघोळ, मग पुष्कर," आप्पा शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

मला वाटलं, आठ दिवस पाळतील. कारण हा माणूस सोवळ्याची टिंगल करण्यात हयात घालवलेला. माझी आई होती तोवर नवरात्रात, सणावाराला ती सोवळ्यात स्वयंपाक करायची, आणि आप्पा मुद्दाम तिखटाच्या हातानं चुलीपाशी घुटमळायचे. "लागला बघ हात, लागला," म्हणत तिला स्वयंपाकघरभर पळवायचे. ती चिडून परत अंघोळीला गेली की पाटावर बसून हसायचे. त्या आप्पांनी नातवाचं सोवळं असं पाळलं की आई असती तर तिला भोवळ आली असती. थंडीत पाळलं, तापात पाळलं. खालची आळी त्यांना चिडवायची, "काय आप्पा, किती डाव न्हाताव दिवसाला? लग्नबिग्न ठरवलाव का काय?" ते हसून सोडून द्यायचे.

मिशीत कूट अडकतं असं त्यांचं त्यांनाच एकदा वाटलं. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडून मिशी उतरवून आले. आम्ही ओळखलंच नाही. त्या झुपकेदार मिशीला ते तेल लावायचे, पीळ द्यायचे, तिच्यावरून आईशी भांडायचे. मिशी उतरवलेला माणूस बघून बाजारात लोक थांबून विचारायचे, "आप्पा, कोण गेलं?"

"कुणी गेलं न्हाई," आप्पा सांगायचे, "आलंय."

पुष्करला आप्पा म्हणजे ओल्या केसांचे, साबणाच्या वासाचे आप्पा. कोरडे आप्पा त्याचे नव्हतेच, ते रेघेपलीकडचे. तो बोलायला लागला तसं त्यानं पहिलं आई म्हटलं, मग पंप, आणि तिसरं म्हणजे हे वाक्य. सकाळी उठला की उंबऱ्यावर यायचा, चुन्याच्या रेघेकडे बघायचा, शेडकडे बघायचा आणि ओरडायचा, "आप्पा, अंघोळ झाली?" दुसऱ्या घरात पोरं विचारतात खाऊ आणला का. आमचं हे विचारायचं. झाली म्हटलं की दोन्ही हात वर. आप्पा रेघ ओलांडून यायचे आणि त्याला उचलायचे, आणि मग तास दीड तास त्या दोघांना दुसरं कुणी लागत नसे.

डॉक्टरांनी एक निळा डबा दिला होता. त्यात इंजेक्शनची बाटली आणि सुई. पुन्हा तसं झालं तर दवाखान्यात पोचेपर्यंत थांबायचं नाही, मांडीत टोचायचं. शिकायचं कसं, तर मोसंबीवर. आम्ही तिघांनी मोसंबी टोचली. माझा हात इंजिनाच्या नटबोल्टला सरावलेला, सुई वाकडीच जायची. वैजयंता डोळे मिटून घ्यायची. आप्पांनी मात्र पहिल्याच खेपेला अशी सरळ टोचली की डॉक्टर म्हणाले, "वा! आप्पा, तुम्ही आमच्याकडे कंपाउंडर म्हणून या." आप्पांना केवढा अभिमान वाटला त्याचा. त्यानंतर बरेच दिवस मोसंबीवाला दिसला की ते मला कोपरानं ढोसायचे. वैजयंतानं डबा फ्रिजवर ठेवला. त्यालाही नियम तोच. आधी अंघोळ.

त्या दिवशी चैत्र सरत आला होता. ऊन असं की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. पुष्करला बालवाडीत घालायचं वैजयंतानं मनावर घेतलं होतं. दोन बालवाड्यांनी हात जोडले, एवढी जोखीम नको म्हणाल्या. तिसऱ्या बाईंनी मात्र सांगितलं, "तुम्ही येऊन मला पंप कसा द्यायचा ते दाखवा, मी घेते." वैजयंताला कोण आनंद झाला. कितीतरी दिवसांनी तिनं ठेवणीतली साडी नेसली. दुपारी पुष्कर झोपल्यावर ती निघाली. जाताना शेडच्या दारात उभी राहून आप्पांना म्हणाली,

"तो गाढ झोपलाय. मी गेले नि आले. तुम्ही हातातलं आवरा आणि तो उठायच्या आत अंघोळ करून बसा."

"जा तू बिनघोर," आप्पा म्हणाले. "एवढा एकच घाणा ऱ्हायलाय."

पुढचं मला कळलं ते असं. शेजारचे रफिकभाई जेवायला रिक्षा घेऊन घरी आले होते. त्यांना आप्पांचा आवाज ऐकू आला. दाराशी आले तर आप्पा पंच्यावर, अंगातून पाणी गळतंय, खांद्यावर पुष्कर. रफिकभाईंनी ताट तसंच टाकलं आणि रिक्षा काढली. गल्लीच्या तोंडाशी वैजयंता येताना दिसली. तिला तिथंच रिक्षात घेतलं. वर्कशॉपात मला निरोप पोचला आणि मी हाताचं ग्रीससुद्धा न पुसता सायकल मारत सुटलो.

दवाखान्यात आप्पा बाकावर बसले होते. ओला पंचा, उघडं अंग, खाली फरशीवर पाण्याचं थारोळं. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर दवाखान्यातलीच चादर टाकली होती. त्यांच्या कानामागे साबणाचा फेस वाळला होता. मला वाटलं, बिचारे अंघोळीला बसले असतील तेवढ्यात झालं, तसेच धावले. सगळ्यांनाच तसं वाटलं. वैजयंता दरवाजाच्या काचेला कपाळ लावून उभी होती.

मी जवळ गेलो तर ती वळली नाही. नुसती म्हणाली, "बाई घेते म्हणाल्या हो त्याला."

आत चारपाच जण त्याच्या भोवती होते. मला त्याचे फक्त तळपाय दिसत होते. सकाळी अंगणात चालला असणार, तळपाय मातीचे होते. मी त्या तळपायांकडे बघत राहिलो. ते एकदा हलावेत एवढंच माझं मागणं होतं. माणूस तशा वेळी कायकाय कबूल करतो देवाला. मी आयुष्यभराचं सगळं कबूल करून टाकलं.

डॉक्टर हिरेमठ बाहेर आले तेव्हा त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहराच उतरला होता. पहिल्या आजारापासून ते पुष्करला बघत होते, त्यांच्या टेबलावरचं रबरी कासव पुष्करचंच होतं.

वैजयंतानं विचारलं, "कशानं?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "काही तोंडात गेलं असेल, वाऱ्यावरून आलं असेल, नुसत्या दम्यानंही उठतं असं. घरात बघा, पण कदाचित काहीच सापडणार नाही." मग म्हणाले, "इंजेक्शन बरोबर जागेवर होतं. कुणी दिलं?"

"मी," आप्पा म्हणाले. ते बाकावरून उठले होते. एका हातानं चादर आणि एका हातानं पंचा धरून उभे होते.

"सुरू झाल्यावर किती वेळानं दिलं?"

आप्पांनी तोंड उघडलं. "मी आधी..."

"लगेच," वैजयंता म्हणाली. "लगेच दिलं त्यांनी. मी होते तिथं. ओठ सुजायला लागले आणि दिलंच."

डॉक्टरांनी मान हलवली. आप्पांच्या उघड्या दंडावर हात ठेवला. "मग कुणीच काही कमी केलेलं नाही, आप्पा. काही वेळा लगेच देऊनही हाताला लागत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती तिथं नव्हती. ती बालवाडीत होती, रफिकभाईंनी तिला गल्लीच्या तोंडाशी रिक्षात घेतलं होतं. पोटचं पोर गेल्यावर बाईमाणूस भ्रमात काहीही बोलतं, असं मी स्वतःला समजावलं. पण ती भ्रमात दिसत नव्हती. तिची नजर आप्पांवर होती आणि आप्पा खाली बघत होते.

एवढ्या लहान पोराला तिरडी नसते. हातांवरच नेतात आणि मातीत ठेवतात. संध्याकाळी घरापुढे माणसं जमली. पुष्करला धुतलेल्या पांढऱ्या कापडात घेऊन वैजयंता पुढच्या खोलीत बसली होती. कुणी म्हणालं, बाप नेईल. कुणी म्हणालं, मामा येईतो थांबा. तेवढ्यात आप्पा आतून आले. डोक्यावरून अंघोळ केलेली, पेटीतले कपडे, केसांतून पाणी मानेवर ओघळतंय. ते तिच्यापुढे उभे राहिले आणि एवढंच म्हणाले,

"अंघोळ केलीया मी."

खोलीतल्या लोकांना त्यातलं काही कळलं नाही. वैजयंतानं पोर त्यांच्या हातांवर दिलं.

पुढची दोनेक वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही, आणि सांगायला तसं काही घडलंही नाही. आप्पा सकाळी उठायचे आणि शेडमध्ये जायचे. मुसळाचा आवाज पूर्वीसारखाच, पण मधे बोलणं नाही. मिशी त्यांनी परत वाढवली नाही. कुटून झालं की अंघोळ करायचे, दोन वेळा साबण लावून, नखांत ब्रश फिरवून. मग पेटीतले कपडे घालून उंबऱ्यावर येऊन बसायचे आणि तिथं बसूनच राहायचे. वैजयंता पेटीतले कपडे धुऊन ठेवत राहिली. कुणी कुणाला थांबवलं नाही. चुन्याची रेघ पावसापाण्यानं पुसट होत गेली, तिच्यावर दुसरी कुणी ओढली नाही.

घरात काय सापडलं? काही नाही. मी अंथरूण झटकलं, खिडकीच्या चौकटी पुसल्या, कोनाडे बघितले. त्याच्या उशीखाली एक बाटलीचं टोपण आणि रफिकभाईंच्या मुलीनं दिलेली कागदाची होडी होती. बस्स.

मी वैजयंताला एकदाच विचारलं. ती पोळ्या लाटत होती.

"दवाखान्यात तू खोटं का बोललीस?"

"कोण खोटं बोललं?"

"तू नव्हतीस तिथं."

"पोळी करपेल, उलटा तेवढी," ती म्हणाली. मी पोळी उलटली. तो विषय तिथंच संपला. तिचा स्वभाव मला माहीत होता. तिनं एकदा तोंड मिटलं की ते पान्यानंही खोललं जात नाही.

मग आम्हाला मुलगी झाली. आम्ही ठरवून झाली असं नाही, वैजयंता तर नऊ महिने घाबरलेलीच होती. ती बाळंतपणाला माहेरी, पंढरपूरच्या बाजूला गेली. आप्पा बघायला आले नाहीत. "शेंगाचा हंगाम हाय," असा निरोप पाठवला. हंगाम वगैरे काही नव्हता. मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर मी दोघींना आणायला गेलो. येताना पहिल्यांदा डॉक्टर हिरेमठांकडे थांबलो. त्यांनी नीट बघितलं, माहेरीच करून घेतलेला रक्ताचा रिपोर्ट वाचला, आणि सांगितलं की आजतरी हिला तसलं काही दिसत नाही. वैजयंतानं ते तीनदा वदवून घेतलं.

आम्ही घरी आलो ती दुपारची वेळ. मागे मुसळाचा आवाज येत होता. मला वाटलं, ही आधी आत जाईल, पाणी पिईल, पोरीला पाळण्यात घालेल. मी पिशव्या घेऊन मागे होतो. ती पुढच्या खोलीतून, स्वयंपाकघरातून, सरळ मागच्या अंगणात गेली. उंबऱ्यावर थांबलीसुद्धा नाही. रेघ आता फरशीवर कुठंकुठंच राहिली होती, तिच्यावरून ती पलीकडे गेली आणि पोरीला घेऊन शेडच्या दारात उभी राहिली.

आप्पांनी वर बघितलं. मुसळ हातातच राहिलं.

"आप्पा, घ्या," ती म्हणाली आणि हात पुढे केले.

"अगं," आप्पा मागे सरकले. त्यांनी मुसळ भिंतीला टेकवलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. कोपरापर्यंत हात लाल झालेले, बनियनवर कूट. "काय करालीस तू? मागं हो आधी. मी आंघुळ करून येतो."

"अंघोळ नको. तसेच घ्या."

"वैजू, माझ्या हाताला शेंगा हायत."

"डॉक्टरांना विचारलंय मी. हिला काही होत नाही. घ्या तुम्ही."

आप्पा पाठीमागे हात बांधून उभे राहिले. त्यांची मान हलायला लागली, नाही नाही म्हणत असल्यासारखी, आणि मग तोंडातून शब्द बाहेर पडायला लागले. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते तिच्याशी बोलत होते.

"मी तेव्हा अंघूळ केली न्हवती, पोरी. मी कुटतच हुतो. दार वाजलं म्हणून बघितलं, तर उंबऱ्यात उभा. ओठ हे एवढे झालेले. डोळे मिटलेले. हात वर केलेले. मी मुसळ टाकलं न् पळालो. रेघेपातुर आलो बघ मी. पाय उचलला हुता. तर त्यानं विचारलं."

 शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

"आवाज फुटंना त्याचा. तरी विचारलं. आप्पा, अंघूळ झाली? मी म्हटलं, न्हाई रे राजा. आत्ता येतो. आत्ता येतो बघ. आणि मी न्हाणीत शिरलो. साबण लावला मी, वैजू. दोन डाव लावला. बाहेर त्यो खोकत हुता आणि मी नखं घासत हुतो. तू सांगितल्यागत सगळं केलं. मग डबा काढला, मग टोचलं. सरळ टोचलं. त्यानं मला हात लावून बघितला, ओला हाय का म्हणून. आणि मग मान टाकली."

मी पिशव्या हातात घेऊन उभा होतो. खाली ठेवायचंही सुचलं नाही. मला दोघांचाही राग आला. एवढा राग आला की ते उखळ उचलून फरशीवर आपटावं. आणि त्याच वेळी त्या दोघांच्याही पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. कुणाचं काय चुकलं होतं? तिनं पोर जगावं म्हणून नियम केला. त्यांनी पोर जगावं म्हणून पाळला. पोरानं तर तो अंगाई ऐकावी तसा ऐकलेला.

वैजयंता हलली नाही. तिचा आवाजही चढला नाही.

"माहितेय मला," ती म्हणाली.

आप्पांनी मान वर केली.

"रिक्षातच सांगितलंत तुम्ही मला. त्याला माझ्या मांडीवर देताना म्हणालात, अंघोळ करूनच हात लावलाय, वैजू, तू काळजी करू नको. तुम्हाला आठवत नसेल."

"मग तू डाक्टरला..."

"हो."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले.  इतकी वर्षं हा माणूस तिच्या खोट्याखाली उभा होता. तिला खरं माहीत नाही, कधीतरी कळेल आणि मग ती आपलं तोंडही बघणार नाही, या भीतीत तो रोज तिच्या हातची भाकरी खात होता. आणि तिनं ते दोन वर्षं पोटात ठेवलं, पेटीतले कपडे धुतले, घड्या घातल्या. माझ्यापाशीसुद्धा बोलली नाही. बोलली असती तर मी आप्पांना काय म्हणालो असतो ते तिला माहीत होतं. मलाही माहीत आहे.

"घ्या आता," ती पुन्हा म्हणाली.

त्यांनी एक हात पुढे केला. लाल बोटं पोरीच्या कपाळाजवळ नेली. पोरगी टकामका बघत होती, तिनं मूठ उघडली आणि ते बोट धरायला गेली. आप्पांनी झटकन हात मागे घेतला.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई जमायचं मला. आंघुळ करून येतो."

ते आमच्या दोघांच्या बाजूनं, अंग चोरून, पोरीला धक्का लागणार नाही असे बाहेर पडले. बनियन काढून बाहेरच्या खिळ्याला लावलं आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. आतून तांब्याचा आवाज आला. पाणी पडायला लागलं. मधेच पाणी थांबलं आणि आतून दुसराच आवाज यायला लागला. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून आई गेली तेव्हाही ऐकला नव्हता, पुष्कर गेला तेव्हाही नाही. मग पुन्हा पाणी.

"ऊन आहे," मी वैजयंताला म्हटलं. "आत चल, पोरीला लागेल."

ती आत आली नाही. तिनं पदर पोरीच्या डोक्यावरून घेतला, न्हाणीघराच्या दारापाशी भिंतीच्या सावलीला गेली आणि तिथं टेकून उभी राहिली.

"आप्पा," तिनं दाराला तोंड लावून हाक मारली. "सावकाश होऊ द्या. आम्ही इथंच आहोत. काही घाई नाही."